पुढें काय करावें?

परीक्षेचा निकाल लागून पंधरा-वीस दिवस झालेले असतात. पेढे वांटून होतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं अभिनंदनें होऊन जातात. मग एखाद्या संध्याकाळीं घरीं पाहुणे येतात, चहा होतो, आणि पाहुणे सहज विचारतात, "काय, आतां पुढें काय करणार?" घरांतला बावीस वर्षांचा पदवीधर मुलगा एकदां वडिलांकडे पाहतो, एकदां जमिनीकडे पाहतो आणि म्हणतो, "अजून ठरलें नाहीं, काका." वडील घाईघाईनें सांगतात, "विचार चालू आहे त्याचा." पाहुणे निघून जातात, पण ते गेल्यावर घरांत जी शांतता पसरते ती माझ्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. मुलाच्या जागीं मुलगी असली तर त्या प्रश्नाला आणखी एक शेपूट फुटतें, आणि तें कोणतें हें मीं सांगावयास नको.

"अजून ठरलें नाहीं" या तीन शब्दांविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

हे शब्द ऐकून वडिलांना वाटतें कीं मुलगा आळशी आहे. मुलाला वाटतें कीं आपल्यांतच कांहींतरी उणें आहे, कारण बरोबरीच्या मित्रांचें सगळें ठरलेलें दिसतें. माझ्या मतें हे दोन्ही समज बहुतेक वेळां चुकीचे असतात. आणि चुकीचे असूनही ते फार नुकसान करतात. वडिलांच्या समजामुळें घरांतलें बोलणें बंद होतें. मुलाच्या समजामुळें तो, आपण कांहींतरी ठरविलें आहे एवढें दाखविण्यासाठीं, समोर दिसेल तो पहिला मार्ग धरतो. चार वर्षांनीं मार्ग चुकल्याचें कळतें, पण तोंवर गेलेलीं वर्षें परत येत नाहींत. म्हणून या प्रश्नाचा रागलोभ बाजूस ठेवून विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम हें लक्षांत घेऊं कीं, व्यवसाय निवडण्याची अडचण मनुष्याच्या इतिहासांत अगदीं अलीकडची आहे. आपल्या गांवगाड्यांत सुताराचा मुलगा सुतार होई, कुंभाराचा कुंभार आणि कुळकर्ण्याचा कुळकर्णी. त्या व्यवस्थेंत निवडीचा त्रास नव्हता याचें कारण निवडच नव्हती. आणि ज्यांच्या वांट्यास कष्टाचें व अपमानाचें काम आलें होतें त्यांना तर त्यांतून सुटकाही नव्हती. स्त्रियांना कोणी विचारीतच नसे. तेव्हां आजच्या तरुणाचा गोंधळ ही त्याला मिळालेल्या मोकळीकीची किंमत आहे, आणि ती किंमत देण्यासारखी आहे, असेंच म्हटलें पाहिजे.

पण मोकळीक मिळाली म्हणजे माहितीही मिळाली असें होत नाहीं. भारत सरकारनें २०१५ सालीं व्यवसायांचें जें राष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केलें त्यांत सुमारें ३,६०० व्यवसाय नोंदलेले आहेत. आतां आपल्या घरांतल्या बोलण्यांत त्यांपैकीं किती येतात तें मोजून पाहा. डॉक्टर, इंजिनियर, संगणकाचें काम, बँक, हिशेबतपासनीस, वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी. दहांच्या पुढें यादी क्वचितच जाते. मुलगा गोंधळला याचें आश्चर्य करण्याऐवजीं, त्यानें पाहिलेल्या दहा दुकानांपैकीं एकही त्याला पसंत पडलें नाहीं म्हणजे सबंध बाजारच वाईट असें होत नाहीं, हें आपणच त्याला सांगावयास हवें.

शिवाय या वयाचा हा धर्मच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सूपर यांनीं मनुष्याच्या व्यावसायिक आयुष्याचे टप्पे पाडले आहेत. त्यांत साधारणपणें पंधरा ते चोवीस या वयाला त्यांनीं शोधाचा काळ म्हटलें आहे. शोध करणारा मनुष्य आधीं चुकतो, मग वळतो, मग पुन्हां चालूं लागतो. फक्त एक गोष्ट त्यानें करूं नये. शोधाच्या नांवाखालीं एका जागीं बसून राहूं नये.

मग शोध करावा कसा? या प्रश्नाचें पहिलें पद्धतशीर उत्तर ज्यानें दिलें त्याचा स्वतःचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्याचें नांव फ्रँक पार्सन्स. १८५४ सालीं जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत स्थापत्यशास्त्र शिकला. पुढें त्यानें इंजिनियर म्हणून काम केलें, मजुरी केली, शाळेंत शिकविलें, वकिली केली, ग्रंथ लिहिले, राजकारणही करून पाहिलें. १९०८ च्या जानेवारींत, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, त्यानें बोस्टन शहरांत तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारें एक कार्यालय उघडलें. त्याच वर्षीं त्याचा अंत झाला आणि त्याचें पुस्तक १९०९ सालीं, त्याच्या पश्चात्, प्रसिद्ध झालें. आज जगभर ज्याला व्यवसाय-मार्गदर्शन म्हणतात त्याचा पाया घालणारा मनुष्य स्वतः जन्मभर धंदे बदलीत होता, ही गोष्ट आमच्या तरुण मित्रांनीं मनांत जपून ठेवावी.

पार्सन्सनें सांगितलेल्या पायऱ्या तीन. पहिली, स्वतःला ओळखणें. दुसरी, कामांची खरी माहिती मिळविणें. तिसरी, या दोहोंची सांगड विचारपूर्वक घालणें. ऐकावयास हें फार सोपें आहे. परंतु आपल्याकडे बहुतेक निवडी पहिल्या दोन पायऱ्या वगळून एकदम तिसरीवर उडी मारून होतात.

पहिली पायरी घेऊं. स्वतःला ओळखणें म्हणजे डोळे मिटून अंतर्मुख होणें अशी एक समजूत आहे. खोलींत बसून "मला काय आवडतें?" असें शंभरदां विचारलें तरी उत्तर मिळत नाहीं, कारण आवड ही बहुधा काम केल्यावर कळते, आधीं कळत नाहीं. त्याऐवजीं मागच्या चार-पांच वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा. कोणीही न सांगतां आपण कोणतें काम हातीं घेतलें? कोणत्या कामांत वेळ कसा गेला तें कळलें नाहीं? घरांतलीं व शेजारचीं माणसें कोणत्या अडचणींत नेमकी आपल्यालाच हांक मारतात? घरांतलें बिघडलेलें यंत्र कोण उघडून बसतो, गणपतीच्या वर्गणीचा चोख हिशेब कोण ठेवतो, भांडलेल्या दोन मित्रांची समजूत कोण घालतो, यांत मनुष्याची ओळख जितकी पटते तितकी गुणपत्रिकेंत पटत नाहीं.

या कामीं जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञानें केलेली विभागणी उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत दाखल होणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, माणसांच्या कामाच्या कलाचे कांहीं थोडेच प्रकार दिसतात. १९५९ सालीं त्यांनीं आपली उपपत्ति मांडली. तिच्यांत कल सहा आहेत. कोणाला हत्यारें, यंत्रें, जमीन, जनावरें अशा प्रत्यक्ष वस्तूंशीं काम आवडतें. कोणाला एखाद्या गोष्टीचें कारण शोधण्यांत गोडी असते. कोणाची ओढ कलेकडे असते. कोणाला माणसांना शिकविण्यांत व मदत करण्यांत समाधान वाटतें. कोणाला माणसें वळवून उद्योग उभारण्याची हौस असते. तर कोणाला नोंदी, आंकडे, व्यवस्था यांत चोखपणा राखण्याची. बहुतेकांत यांपैकीं दोन-तीन कलांचें मिश्रण असतें. आतां कल पाहणाऱ्या चांचण्या ठिकठिकाणीं मिळतात. त्या अवश्य द्याव्या. परंतु त्यांचा निकाल पत्रिकेसारखा मानूं नये. चांचणी सांगते ती कोणत्या गल्लींत शोधावें हें. घर आपणच शोधावयाचें असतें.

आणखी एक भेद नीट समजला पाहिजे. आवड निराळी, पात्रता निराळी आणि सोसण्याची तयारी निराळी. गाणें ऐकणें आवडतें याचा अर्थ रोज सहा तास मेहनत करणें आवडेल असा नव्हे. वकिली आवडते असें म्हणणाऱ्याला पुष्कळदां न्यायालयांतील भाषण आवडत असतें. वकिलाचा बराचसा दिवस मात्र कागद वाचण्यांत, टिपणें काढण्यांत आणि तारखांची वाट पाहण्यांत जातो. धंद्याचा जो भाग लोकांना दिसतो तो लहान असतो. न दिसणारा भागच रोजचा असतो. तो सोसवेल काय, हा खरा प्रश्न आहे.

येथें मला १८८५ सालची आठवण द्यावीशी वाटते. त्या वर्षीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दोन तरुण दाखल झाले. एकाचा जन्म १८६९ चा, बेळगांवकडचा. दुसऱ्याचा १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. दोघेही चित्रकला शिकावयास आले होते, आणि दोघांचींही नांवें पुढें महाराष्ट्राच्या तोंडीं झालीं. पण चित्रकार म्हणून नव्हे.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकलेचें शिक्षण चालू असतांना असें आढळून आलें कीं, त्यांना कांहीं रंगांतील फरक नीट ओळखतां येत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्याला याहून मोठा धक्का कोणता? परंतु लक्ष्मणरावांनीं सगळेंच सोडून दिलें नाहीं. रंग गेले तरी रेषा शिल्लक होती. त्यांनीं यंत्रांच्या आराखड्यांची चित्रकला धरली आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेंत तोच विषय शिकविला. मग नोकरी सोडून भावाबरोबर बेळगांवास सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें, कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, लोखंडी नांगर केले. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें ते खपण्यास फार काळ लागला. १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज आपल्याला वाटतें, हा मनुष्य कारखानदार होण्यासाठींच जन्माला आला होता. पण १८८५ सालीं तें त्यांनाही ठाऊक नव्हतें.

दुसरे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांनीं मुंबईनंतर बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें, छायाचित्रण आत्मसात् केलें, गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून दुकान थाटलें. प्लेगमध्यें पत्नी व मूल गेलें. तो संसारही मोडला आणि तो धंदाही. त्यांनीं नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग केले, पुराणवस्तु-संशोधनाच्या सरकारी खात्यांत नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना काढला आणि तोही भागीदारांशीं न पटल्यामुळें सोडला. त्या वेळच्या त्यांच्या नातलगांनीं त्यांच्याविषयीं काय म्हटलें असेल याची आपण सहज कल्पना करूं शकतों. पुढें चाळिशीच्या सुमारास त्यांनीं मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. आणि ३ मे १९१३ रोजीं त्यांचा "राजा हरिश्चंद्र" पडद्यावर आला. त्या एका चित्रपटांत चित्रकाराचा हात, छायाचित्रकाराचा डोळा, रसायनांची माहिती, पडदे रंगविण्याचा अनुभव आणि जादूगाराची युक्ति, सारें कामास आलें.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं धंदे बदलीत राहिलें म्हणजे मनुष्य मोठा होतो. बदलून बदलून कोठेंच न पोंचलेलीं माणसेंही पुष्कळ असतात. त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं एवढेंच. या दोघांपासून घेण्याचा धडा निराळा आहे. त्यांनीं प्रत्येक ठिकाणीं जें काम केलें तें मन लावून शिकून घेतलें, आणि एक दार बंद झालें तेव्हां हातांतली विद्या टाकून न देतां तिच्याच बळावर दुसरें दार उघडलें. रिकामा गेलेला काळ आणि वाटेंत गेलेला काळ यांत हा फरक आहे.

स्त्रियांच्या बाबतींत असें उदाहरण हवें असल्यास इरावतीबाई कर्वे यांचें घ्या. त्यांनीं पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत पदवी घेतली ती तत्त्वज्ञान विषयांत. नंतर मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं त्या समाजशास्त्राकडे वळल्या, आणि जर्मनींत जाऊन डॉक्टरेट मिळविली ती मानवशास्त्रांत. परत आल्यावर त्यांनीं कांहीं वर्षें महिला विद्यापीठांत कुलसचिवाचें कामही केलें, आणि १९३९ मध्यें डेक्कन कॉलेजांत अध्यापन व संशोधन यांसाठीं आल्या. ठरलेल्या मार्गानें गेलेल्या त्याही नव्हत्या.

आतां दुसरी पायरी: कामांची खरी माहिती. ही माहिती जाहिरातींतून मिळत नाहीं, क्लासांच्या फलकांवरून तर मुळींच नाहीं. ती मिळते तें काम करणाऱ्या माणसाकडून. ज्या कामाचा आपण विचार करीत आहों तें काम करणाऱ्या निदान दोन माणसांना भेटावें; एक त्या धंद्यांत नवा असावा, एक मुरलेला. "हा धंदा कसा आहे?" असें विचारूं नये, कारण त्याला "बरा आहे" हेंच उत्तर मिळतें. त्याऐवजीं विचारावें: कालचा आपला दिवस सकाळपासून रात्रींपर्यंत कसा गेला? या कामांतला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता? पांच वर्षांनीं प्राप्ति साधारण किती होते, आणि वीस वर्षांनीं किती? जे हें काम सोडून गेले ते कां गेले? आपल्याला पुन्हां बावीस वर्षांचें केलें तर आपण हेंच कराल काय? हे पांच प्रश्न नम्रपणें विचारणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सहसा कोणी विन्मुख पाठवीत नाहीं. आपल्या कामाविषयीं कोणी मनापासून विचारलें तर मनुष्य मोकळेपणानें बोलतो.

सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवेचें संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तेथें व्यवसायांची माहिती व रिकाम्या जागा विनाशुल्क पाहतां येतात. शिकाऊ उमेदवारीचा मार्गही आहे. १९६१ च्या कायद्यानें कारखान्यांतून शिकाऊ उमेदवार घेण्याची व त्यांना विद्यावेतन देण्याची व्यवस्था केली, आणि २०१४ च्या दुरुस्तीनें कला, वाणिज्य यांसारख्या शाखांच्या पदवीधरांसही तिच्यांत जागा झाली. पुष्कळ सुशिक्षित घरांत शिकाऊ उमेदवारी हा शब्द अजून कमीपणाचा वाटतो. वास्तविक एक वर्ष थोडें वेतन घेऊन आंतून धंदा पाहावयास मिळणें, ही कित्येक लाख रुपये फी भरून बाहेरून शिकण्यापेक्षां स्वस्त आणि पुष्कळदां अधिक खरी शिकवण असते.

तिसरी पायरी सांगड घालण्याची. येथें माझें म्हणणें असें कीं, मोठा निर्णय एकदम घेण्याऐवजीं लहान प्रयोग करावा. फाळके विलायतेहून यंत्र घेऊन परत आले तेव्हां त्यांनीं पहिल्याच दिवशीं "हरिश्चंद्र" सुरू केला नाहीं. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या अंकुराच्या वाढीचें एक छोटेंसें चित्रण त्यांनीं केलें आणि तें दाखवून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविली. आपणही तसेंच करावें. शिक्षक व्हावेंसें वाटतें? मग शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठीं नांव घालण्यापूर्वीं जवळच्या चार मुलांना तीन महिने नियमानें शिकवून पाहावें. उपाहारगृह काढावेंसें वाटतें? मग भांडवल घालण्यापूर्वीं एखाद्याच्या भटारखान्यांत एक महिना पहांटेपासून उभें राहावें. तीन महिन्यांच्या प्रयोगानें तीन वर्षांची चूक टळते.

प्रयोगाबरोबर मुदत मात्र हवी. स्पर्धापरीक्षांचें उदाहरण घेऊं, कारण आपल्या शहरांतून हजारों तरुण सध्यां त्या मार्गावर आहेत. या परीक्षा वाईट आहेत असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. देशाला चांगले अधिकारी हवेतच. पण आंकडे पाहावे. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठीं दहा लाखांवर अर्ज आले. पूर्वपरीक्षेस सुमारें ५ लाख ९२ हजार उमेदवार प्रत्यक्ष बसले. आणि शेवटीं शिफारस झाली ती १,०१६ जणांची. म्हणजे बसलेल्या सुमारें ५८० जणांमागें एकाची. खुल्या वर्गास वयाची मर्यादा बत्तीस आणि संधि सहा. याचा अर्थ असा कीं, एखादा तरुण एकविसाव्या वर्षीं ही वाट धरून बत्तिसाव्या वर्षापर्यंत खोली, अभ्यासिका आणि खाणावळ यांच्या त्रिकोणांत फिरत राहूं शकतो, आणि त्याला कोणीही थांबवीत नाहीं. म्हणून ज्यानें या वाटेनें जावयाचें त्यानें पहिल्याच दिवशीं, मन ताजें असतांना, कागदावर लिहून ठेवावें कीं मी इतके प्रयत्न करीन, अमुक सालापर्यंत करीन, आणि तोंवर हातीं अमुक दुसरी विद्या ठेवीन. तो कागद घरांतल्या एका विश्वासाच्या माणसाजवळ द्यावा. अपयश येणें लाजिरवाणें नाहीं. केव्हां परतावें हें न ठरवितां निघणें मात्र धोक्याचें आहे.

कोणी म्हणेल, "हें सर्व ज्यांच्या घरीं बसून खाण्याची सोय आहे त्यांच्यासाठीं ठीक. आमच्या घरीं पुढच्या महिन्याचें भाडें भरावयाचें आहे." हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर टाळतां कामा नये. ज्याला आधीं मिळविलेंच पाहिजे त्यानें मिळेल तें प्रामाणिक काम धरावें, आणि तें धरल्यानें आपलें आयुष्य ठरून गेलें असें समजूं नये. पोटासाठीं केलेल्या नोकरींतही वेळेवर जाणें, माणसें सांभाळणें, पैशाचा हिशेब देणें या विद्या मिळतात, आणि कोणत्याही धंद्यांत त्या लागतातच. फक्त दोन नियम पाळावे. मिळकतीचा कांहीं भाग, कितीही लहान असो, पुढच्या शिक्षणासाठीं बाजूस काढावा. आणि आठवड्यांतून एक दिवसाचे तीन-चार तास आपल्या शोधासाठीं राखावे. हे तास गेले म्हणजे तात्पुरती नोकरी कायमची होते, आणि ती आपण निवडली असें म्हणण्याचेंही समाधान राहत नाहीं.

योगायोगालाही थोडी जागा ठेवावी. जॉन क्रम्बोल्ट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं असा विचार मांडला कीं, माणसांच्या व्यवसायांत अनपेक्षित घटनांचा वांटा मोठा असतो. परंतु अशा घटनांचा लाभ जिज्ञासू, चिकाटीच्या आणि थोडा धोका पत्करणाऱ्या माणसालाच होतो. ख्रिस्ताचा चित्रपट त्या काळीं मुंबईंत हजारों लोकांनीं पाहिला असेल. त्यांतून घरीं जाऊन झोप उडाली ती एका फाळक्यांची, कारण त्यांच्याजवळ आधीं वीस वर्षांची सामग्री गोळा झालेली होती.

शेवटीं घरांतल्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द. मुलाची चिंता करूं नका असें मी म्हणणार नाहीं. ती तुम्ही करणारच. पण रोज जेवतांना तोच प्रश्न विचारल्यानें उत्तर लवकर येत नाहीं, मुलगा मात्र उशिरां जेवावयास येऊं लागतो. त्याऐवजीं महिन्यांतून एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशीं सावकाश बसून बोलावें. "काय ठरलें?" असें विचारण्याऐवजीं "या महिन्यांत काय पाहिलेंस, कोणाला भेटलास?" असें विचारावें. घरची आर्थिक स्थिति त्याच्यापासून लपवूं नये. आपण किती दिवस आणि किती पैसा देऊं शकतों तें स्पष्ट सांगावें. मोठ्या माणसासारखें वागविलें म्हणजे मुलें बहुधा मोठ्या माणसासारखीं वागतात. शेजारच्या मुलाचें उदाहरण मात्र देऊं नये. शेजारच्या घरींही कोणी तुमच्या मुलाचें देत असेल. आणि मुलीच्या बाबतींत, तिची निवड ही लग्नापर्यंतची सोय नसून तिच्या आयुष्याचा आधार आहे, हें ध्यानांत ठेवून तिलाही तितकाच वेळ, तितकाच पैसा आणि चुकण्याची तितकीच मुभा द्यावी.

तरुण मित्रांना सांगावयाचें तें इतकेंच. पुढल्या रविवारीं एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या चार वर्षांचा हिशेब लिहा. दुसऱ्यावर तीन कामांचीं नांवें लिहा. त्यांतलें एक तरी असें असूं द्या कीं ज्याचें नांव तुमच्या घरीं आजवर कोणी काढलेलें नाहीं. तिसऱ्यावर प्रत्येक कामासाठीं दोन माणसांचीं नांवें आणि त्यांना केव्हां भेटणार ती तारीख. चौथें पान एका लहान प्रयोगासाठीं आणि त्याच्या मुदतीसाठीं ठेवा. ही वही भरेल तेव्हां सगळें आयुष्य ठरलेलें नसेल. तसें तें कोणाचेंच ठरत नाहीं. पण पुढचें पाऊल कोठें टाकावयाचें तें दिसूं लागेल, आणि चालणाऱ्याला एका वेळीं तेवढेंच दिसलें तरी पुरतें.

मग पुन्हां एखाद्या संध्याकाळीं पाहुणे येतील आणि तोच प्रश्न विचारतील. तेव्हां मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. सांगावें, "ठरलें नाहीं, काका. पण दोन कामें पाहिलीं, तिसरें पाहतों आहें, आणि दिवाळीपर्यंत ठरविणार आहें." असें उत्तर ऐकल्यावर कदाचित् पाहुणेच चहाचा पेला खालीं ठेवून म्हणतील, "असें होय? मग आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांना भेटून ये." आणि शोधाला आणखी एक वाट फुटेल.